झेलमच्या वेळेला जाग येते

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्रलेखक साठीला टेकलेले, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मुक्काम भुसावळ. आपल्या ख्रिस्ती मंडळीत ते 'वडील' आहेत, म्हणजे जबाबदारी आहे, पण पाळकाची दीक्षा नाही आणि मानधनही नाही. मे २०२५ मध्ये सुट्टीवरच्या जवानांना तातडीने माघारी बोलावलं, तेव्हा मंडळीतल्या चौघांना घेऊन ते रात्री फलाटावर चहा, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या वाटत उभे राहिले. तेव्हापासून ते जवानांच्या घरी जाऊन फोन लावून देतात, अर्ज भरून देतात. आता मंडळीतली तरुण मुलं विचारतात, 'चहाबरोबर शुभवर्तमान देत नाही, मग तुमच्यात आणि चहावाल्यात फरक काय?' रेल्वेतला एक जुना सहकारी म्हणाला, 'चहाच्या आडून काय चाललंय ते कळतं आम्हाला.' आणि अमळनेरकडच्या एका आईला त्यांनी शब्द दिला होता, 'माय, पोरगा सुखरूप येईल, मी रोज प्रार्थना करतोय.' जूनमध्ये गस्तीवर त्या मुलाचा पाय सुरुंगावर पडला. डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्यानंतर ते त्या घरी गेलेले नाहीत. प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत आणि रात्री झेलमच्या, म्हणजे जम्मूकडे जाणाऱ्या झेलम एक्सप्रेसच्या, वेळेला जाग येते. ते विचारतात, 'मी पाळक नाही, सैनिकही नाही. हे करायचा मला अधिकार काय? सोडून देऊ का?'

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तरुण मुलांच्या टोमण्याला तुम्ही दीड पान दिलंय, सहकाऱ्याला एक पान, आणि अमळनेरच्या माउलीला जेमतेम चार ओळी. त्या चार ओळींतलं एक वाक्य इतकं गिरवून खोडलंय की कागद फाटायच्या बेतात आलाय. उजेडात धरून वाचायचा मोह झाला, वाचलं नाही. पण सुरुवात तिथूनच करते. जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाची झोप टोमण्यांनी उडत नाही.

मी ख्रिस्ती नाही. प्रार्थना ऐकली गेली की नाही, याचं उत्तर मी देऊ नये. ते तुमच्या पाळकसाहेबांपाशी बोला, आणि खरंच बोला, कारण पत्रावरून वाटतं की त्यांनाही तुम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. मी फक्त त्या ओसरीवर काय घडलं तेवढं बघते.

'सुखरूप येईल' म्हणताना तुम्ही खोटं बोलला नाहीत. मनापासून वाटत होतं तेच म्हणालात. आपल्याकडे सगळेच म्हणतात. दवाखान्याच्या दारात, निकालाच्या आदल्या रात्री, 'काही होत नाही हो, मी सांगतो ना.' तोंडातून निघून जातं आणि पुढे कोणी त्याचा हिशेब मागत नाही. तुमच्या वाक्याला मात्र प्रार्थनेची गाठ मारलेली होती. म्हणून आता ते वाक्य देवाने मोडलं की आपण, हा हिशेब तुम्ही रात्री दोन वाजता मांडत बसता.

पण त्या माउलीने तुमच्याकडे मागितलं काय होतं? तुमच्याच पत्रात आहे: 'मना पोऱ्या कसा शे, इतलंच कळू दे.' तिने हमी मागितलीच नव्हती, तिला खबर हवी होती. खबर तुमच्याकडे नव्हती. त्या दिवसांत पोरांचे फोन लागत नव्हते, कोणाकडेच नव्हती. रिकाम्या हाताने तिच्यासमोर बसवेना, म्हणून तुम्ही हमी देऊन मोकळे झालात. 'माय, मलाही कळलेलं नाही, कळलं की पहिला फोन तुला' एवढं म्हणून तिच्याबरोबर गप्प बसून राहणं फार जड जातं. मलाही जमत नाही, आणि या सदरात इतकी वर्षं मी लोकांना तेच करायला सांगत आले आहे.

दुसरं, ती तुम्हाला दोष देते असं तुम्ही धरून चालला आहात. कशावरून? तुम्ही गेला नाहीत, फोन केला नाहीत, तिने कोणाकरवी निरोपही धाडलेला नाही. तिच्या बाजूने बघा. ज्या महिन्यात पोराचा पाय गेला, त्याच महिन्यात दर आठवड्याला येणारा माणूस यायचा बंद झाला. मनात काही खुपत असेल तर ते हेच असेल. लिहिताना मला जड जातंय, तुम्हाला वाचताना लागेल.

आता अधिकाराचं. तुमच्याच श्रद्धेतल्या एका माणसाची गोष्ट सांगते. १८५९ च्या जून महिन्यात जिनिव्हाचा एक व्यापारी, हेन्री ड्यूनां, इटलीत गेला होता. अल्जीरियातल्या धंद्याचं काम होतं आणि त्यासाठी त्याला फ्रान्सच्या सम्राटाची गाठ घ्यायची होती. २४ जूनला सोल्फेरिनोची लढाई झाली आणि तो शेजारच्या कास्तिल्योने गावात जाऊन पोचला. चर्चमध्ये, रस्त्यात, जिथे जागा मिळेल तिथे जखमी पडलेले. हा डॉक्टर नव्हता, शिपाई नव्हता, पाद्री तर नव्हताच. पांढरा प्रवासी सूट घातलेला माणूस. त्याने गाडीवानाला शहरात पाठवून लिंबं, साखर, सदरे, तंबाखू मागवली, गावातल्या बायका गोळा केल्या आणि कामाला लागला. त्या बायका फ्रेंच-ऑस्ट्रियन असा भेद न करता सगळ्यांचं करत होत्या आणि म्हणत होत्या, सगळे भाऊच.

याच माणसामुळे पुढे १८६३ मध्ये रेडक्रॉस उभी राहिली आणि १९०१ चं पहिलं शांतता नोबेल त्याला विभागून मिळालं, हे आपण शाळेत शिकलो. मला त्यातली बारीक गोष्ट जास्त लक्षात राहिली आहे. एक तरुण फ्रेंच शिपाई मरणपंथाला लागला होता. त्याने आपल्या बापाचा लिऑन शहरातला पत्ता सांगितला. ड्यूनांने तो लिहून घेतला आणि नंतर त्या घरी कळवलं. एकुलता एक मुलगा होता तो, आणि आईबापाला त्याची जी काय खबर लागली ती या परक्या व्यापाऱ्याकडूनच. वाईट खबर होती. तरी ती पोचली. तुमचा मुलगा वाचेल, असं त्याने कोणाला लिहिलं असतं तर त्या घराचं काय झालं असतं, बघा.

तुमच्या कामाची जात हीच आहे. निरोप नेणं-आणणं. त्याला दीक्षा लागत नाही. लष्कराकडे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे नेमलेले धर्मगुरू असतात, पलटणीत सर्वधर्म स्थळ असतं. जवानाच्या आत्म्याचं ओझं एकट्या तुमच्या खांद्यावर कोणी टाकलेलं नाही. पण अमळनेरच्या ओसरीवर धर्मगुरू येत नाही आणि भुसावळच्या फलाटावर रात्री दोनला कोणीच येत नाही.

तर आधी त्या घरी जा. स्पष्टीकरण घेऊन जाऊ नका. 'माझी प्रार्थना कमी पडली' असलं काही तर अजिबात बोलू नका, नाहीतर पोराचा पाय बाजूला राहील आणि तुमचं समाधान करायचं काम त्या बाईवर पडेल. 'मला यायला तोंड नव्हतं, म्हणून आलो नाही' एवढं एकदा सांगा आणि बसा. मुलगा घरी असेल तर त्याच्याशी बोला, त्याच्या पायाशी नाही. गिऱ्हाइकासारखी ये-जा करणारी माणसं आल्या आल्या आधी पायाकडे बघतात, हे त्याला एव्हाना पाठ झालं असेल.

आणि हाताशी काम घ्या, तुम्ही फिटर आहात. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं. पाय एकदा बसवला की झालं, असं नसतं. जखमेची जागा महिनोन्‌महिने आकसत जाते, मग सॉकेट, म्हणजे पाय जिच्यात बसतो ती खोबण, सैल होतं, घासतं, पुन्हा माप घ्यावं लागतं. म्हणजे फेऱ्या आल्या. त्या माउलीने पुणं पाहिलं नसेल. एका फेरीला तिच्याबरोबर जा. कुठे उतरायचं, रिक्षावाल्याला काय सांगायचं, कागद कोणत्या पिशवीत ठेवायचे, हे एकदा दाखवलंत की पुढच्या वेळी ती एकटी जाईल. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचं मुख्य काम त्याच्या पलटणीचं अभिलेख कार्यालय बघतं. त्यात आपण डोकं घालायचं नाही. अडलं तर जळगावचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे सोबत जायचं. अर्जावर सही त्याची, ओटीपी त्याच्या फोनवर. तुमच्या फोनवर चुकूनही नको, कितीही सोयीचं वाटलं तरी. जवानांच्या घरांना मदत करणाऱ्या इतर वाचकांनाही हे सांगते, कारण चांगल्या माणसांवर बालंट येतं ते नेमकं इथून.

आता चहा.

तुमच्या तरुण मुलांना आधी विचारा, चहावाल्यात वाईट काय आहे? तो रात्रभर उभा असतो. उलट मी तर सुचवेन की थर्मास घरून नेण्याऐवजी परवानाधारक चहावाल्याकडूनच चहा घ्या आणि पैसे तुम्ही द्या. त्याच्या पोटावर पाय येत नाही आणि फलाटावर काय शिजवलं, काय वाटलं, हा प्रश्नही उरत नाही.

त्यांचं म्हणणं मात्र मी झटकून टाकत नाही. विसाव्या वर्षी जे खरं वाटतं ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं, त्यात खोट नाही. पण हा प्रश्न त्यांच्या आधी शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलाय. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस, हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात उतरल्या. त्यांच्यात काम करायला वायएमसीएची, म्हणजे 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन'ची माणसं गेली. ही संस्था १८४४ मध्ये लंडनला जॉर्ज विल्यम्स नावाच्या, कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या तरुणाने काढली, म्हणजे मुळातच पाळक नसलेल्यांची. हिंदी शिपायांमध्ये वावरायची परवानगी त्यांना मिळाली ती एका अटीवर: धर्मप्रचार करायचा नाही. त्यांनी अट पाळून काय केलं? तंबू टाकले, ग्रामोफोन लावला, खेळ ठेवले, कागद आणि पेन ठेवलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं लिहून दिली. शीख, मुसलमान, मराठा, गढवाली, जो येईल त्याचं पत्र. तेही कसं, तर सेन्सॉर पत्रं उघडून वाचणार हे माहीत असताना. पुढे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बसऱ्यापासून वर टायग्रिसच्या काठाने, हेच. तिथे कुत-अल-अमारात पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. इकडे गावोगाव किती ओसऱ्यांवर 'मना पोऱ्या कसा शे' चाललं असेल. त्याच १९१६ साली के. टी. पॉल हे भारतातल्या वायएमसीएचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले. तेही पाळक नव्हते, तुमच्यासारखेच.

आणि एक घर सांगते, ते मुलांना जास्त पटेल. बेल्जियममधलं पोपरिंगे, आघाडीच्या अगदी मागचं गाव. डिसेंबर १९१५ मध्ये लष्करी पाद्री फिलिप क्लेटन यांनी तिथे शिपायांसाठी एक घर उघडलं, टॅलबट हाउस. खाली चहा, पियानो, पुस्तकं. पुस्तक न्यायचं तर आपली टोपी ठेवून जायची. एका भिंतीवर शिपाई आपल्या मित्रांसाठी चिठ्ठ्या लावून जात, 'मी अमुक पलटणीत आहे, तू आहेस ना?' प्रार्थनाघर होतं सगळ्यात वर, माळ्यावर. वेदी म्हणून सुताराचा जुना बाक ठेवलेला. तिथे जायचं तर उभा जिना चढावा लागे. ज्याला वाटलं तो चढला, ज्याला नाही वाटलं तो खाली चहा पिऊन मोर्च्यावर परत गेला. खालच्या चहात कमतरता झाली नाही.

तुमच्या फलाटावर जिना कुठे आहे, हे त्या मुलांनी शोधावं. गाडी पाच-दहा मिनिटं थांबते. खिडकीतला पोरगा उठून जाऊ शकत नाही, तहानलेला आहे, समोर आपल्या बापाच्या वयाचा माणूस पेला धरून उभा आहे. त्याच हातात पत्रिका असेल तर तो 'नको' कसा म्हणेल? संकोचाने घेईल आणि पुढच्या स्टेशनला सीटखाली सरकवेल. त्या कागदाचाही मान राहत नाही. म्हणून नवा करार झोळीत असू द्या, हातात नको. एखाद्या जवानाने गळ्यातला क्रूस दाखवून मागितला तर जरूर द्या. कोणी स्वतःहून 'काका, माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणाला तर नाव विचारून दोन वाक्यांत करा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. 'करू का?' हे मात्र तुम्ही विचारू नका. चहा हातात असलेल्या माणसाला तो प्रश्न विचारायचा नसतो.

सहकाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. त्याचं बोलणं तुम्हाला लागलं, आणि लागण्यासारखंच होतं. तुम्ही काम थांबवलंत तर त्याला वाटेल आपण बरोबर होतो. वाद घालत बसलात तरी तेच वाटेल. त्याला एका रात्री बरोबर न्या, पेले धरायला. नाही आला तर राहिलं. पुढच्या वेळी नुसते मंडळीचे चौघं उभे राहू नका. गल्लीतली, मंदिर-मशिदीतली, निवृत्त रेल्वेवाल्यांतली माणसं घ्या. कोणाचाच बॅनर नको. स्टेशन प्रबंधकांची लेखी परवानगी काढा, आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाला, आधी सांगा. आणि फोटो, व्हिडिओ काही नको. कोणती गाडी, किती डबे, कुठली पलटण, हे विचारायचं नाही, कळलं तरी व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही. सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका, अशी सूचना सरकारने २६ एप्रिल २०२५ लाच वाहिन्यांना दिली होती. आपला मंडळीचा ग्रुप वाहिनीपेक्षा वेगाने पसरतो.

तुमचं पत्र वाचताना मला १९७१ चा डिसेंबर आठवला. मी आठ वर्षांची. जळगावात खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले. आई आणि गल्लीतल्या बायका पुऱ्या-भाजी घेऊन स्टेशनवर गेल्या, मी मिठाची पुडी सांभाळायला. एका जवानाने पुऱ्या घेतल्या नाहीत. खिडकीतून एक आंतरदेशीय पत्र माझ्या हातात दिलं, म्हणाला, पेटीत टाक. घरी आल्यावर आईच्या लक्षात आलं की त्याच्यावर निर्वासित मदतीचं पाच पैशांचं तिकीट नाही. तेव्हा ते जादा लावावं लागायचं. रात्री पोस्ट बंद. सकाळी तिने तिकीट आणलं, त्याचा डिंक चिकटेना, तर भाताच्या शिताने चिकटवलं आणि वरून वाटी ठेवून वाळू दिलं. पत्ता बिहारकडचा कुठला तरी होता. आत काय होतं ते आम्हाला माहीत नाही. आई पुढे किती वर्षं पुऱ्यांबद्दल बोलली नाही, पण 'ते पत्र मिळालं असेल ना गं' असं मध्येच विचारायची.

शेवटी तुमची झोप. 'सोडू का' याचं उत्तर आत्ता देऊ नका, इतकंच म्हणेन. थकलेल्या माणसाने राजीनामा लिहू नये. दोन महिने रात्रीचा फलाट त्या तरुण मुलांकडे सोपवा. चार वेळा रात्री दोनला उभं राहिलं की त्यांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. तुम्ही दिवसाची कामं बघा. घरी वहिनींना निदान एवढं सांगा की जाग कशाने येते. त्यांना जाग कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला? शेजारी निजणाऱ्या बाईला सगळं कळतं. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर लिहून ठेवा, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. त्या मुलाला सांगण्याआधी तुम्ही स्वतः एकदा फोन लावून बघा, म्हणजे 'तिकडे काय विचारतात' हे त्याला सांगता येईल.

रविवारची उपासना आटोपली की सुरतेकडची पॅसेंजर पकडा. आदल्या दिवशी फोन करून 'येतोय' एवढंच कळवा, कशाला ते फोनवर नको. केळी नेऊ नका, आपल्या भागात केळी कोण कोणाला नेतं. डबाही नको. ती माउली जेवल्याशिवाय सोडणार नाही, तेव्हा कळणाची भाकरी पुढे आली की मुकाट्याने बसा.